इटलीच्या लाइटीवर आळ

"कळलं का वहिनी? कोपऱ्यावरच्यांचा लॅपटॉप रोममध्ये गेला म्हणे."

"चोरीला ना? वाटलंच मला. तिथे पाकीटमार फार."

"चोरीला नाही हो, जळाला. म्हणजे लॅपटॉप नाही, त्याचा चार्जर. फट् असा आवाज आला, खोलीतले दिवे गेले आणि चिरंजीवांची ऑफिसची मीटिंग तिथेच आटोपली."

"अगं, पण सुट्टी काढून गेले होते ना?"

"कसली सुट्टी! सासू-सुना बसमधून कोलोझियम बघायला, आणि हा हॉटेलात कानाला हेडफोन लावून बसलेला. बायको काय म्हणाली असेल ते मी सांगायला नको."

वहिनींनी कढीपत्त्याची फांदी भिंतीवर ठेवली. आमच्या दोन बंगल्यांमधली ही भिंत बरोब्बर कोपर टेकायच्या उंचीची आहे. बांधणाऱ्याने सिमेंट वाचवलं आणि आमची जन्माची सोय केली. "लाइटच कडक असणार तिकडची," वहिनी म्हणाल्या. "आपल्या वस्तूंना कुठे झेपते ती! त्यांच्या सासूबाई देवळात हेच सांगत होत्या."

"कडक?" जास्वंदीच्या आडून अण्णांचा आवाज आला. अण्णा म्हणजे वहिनींचे सासरे. वीज बोर्डातून रिटायर झाले त्याला जमाना झाला, पण बोर्डाचं महावितरण झालेलं त्यांनी अजून मान्य केलेलं नाही. "तिथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. इथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. कडक कुठून होईल? जा, तुझा चार्जर घेऊन ये."

हे मला. नाही म्हणायची सोय नसते. चार्जर आणला, चष्मा लावून पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली. इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ, दीड अँपिअर.

"संपलं. जपानात १००, अमेरिकेत १२०, युरोपात २३०. घराघरातली लाइट कुठेही गेलीस तरी साधारण चार्जरवरच्या त्या दोन आकड्यांच्या मधेच. हा डबा काय करतो, आलेल्या एसीची आधी डीसी करतो, मग तिचे भराभर तुकडे पाडून बारक्या ट्रान्सफॉर्मरमधून लॅपटॉपला हवे तेवढे वीस-एक व्होल्ट पुढे सोडतो. आत किती आले ते बघून तुकडे लहानमोठे करायचं कामही त्याचंच. त्याला इटली आणि इचलकरंजी सारखीच."

वहिनींना हे पटलं नाही. सासऱ्यांचं पहिल्या झटक्यात पटवून घ्यायचं नाही, असा त्यांचा शिरस्ताच आहे. "मग आमच्या लेकीचा मिक्सर न्यू जर्सीत का नाही चालला? इथून नवाकोरा घेऊन गेली. चटणी वाटली जाईना, नुसती ढवळली जाते."

"मिक्सरवर लिहिलेलं असतं २३०, आणि फक्त २३०. तिकडे मिळाले १२०. तो बिचारा रांगणार नाहीतर काय! म्हणून तर अमेरिकेत जाणाऱ्यांसाठी ११० चे मिक्सर इथे वेगळे विकतात. आणि पाणी तापवायच्या वस्तूचं तर विचारूच नकोस. व्होल्टेज निम्मं झालं की उष्णता निम्मी नाही होत, पाव होते. आपली दीड हजार वॉटची किटली तिकडे चारशे वॉटवर येते. इथे लिटरभर पाणी चार मिनिटांत उकळतं, तिथे तेरा-चौदा मिनिटं. हे झालं इकडून तिकडे. तिकडची वस्तू इकडे आणली की खरा तमाशा."

तो तमाशा वहिनींच्या माहेरी झालेला आहे, मला पाठ आहे. भाच्याने अमेरिकेहून केस सरळ करायचं यंत्र आणलं आणि सोबत एक झकास स्पाइक बोर्ड. १२० च्या यंत्राला आपले २३० दिले की साडेतीन पटींहून जास्त उष्णता. केस सरळ व्हायच्या आधी यंत्रच सरळ झालं. पण त्याहून नवल स्पाइक बोर्डाचं. भाच्याचं म्हणणं, हा तर नुसता बोर्ड, याला काय होणार? त्याच्या आत व्हॅरिस्टर नावाची बटणासारखी चकती असते. व्होल्टेज ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की ती जादा वीज स्वतःवर घेते. अमेरिकन बोर्डातली चकती अमेरिकेच्या हिशोबाने बसवलेली. आपली रोजची साधी लाइट तिला वीज पडल्यासारखी वाटली आणि तिने प्राण सोडले. धूर, वास आणि काळा डाग. डाग अजून आहे, त्यावर कॅलेंडर लावलंय.

"त्यावर उपाय म्हणून लोक कन्व्हर्टर घेतात," अण्णा म्हणाले, "ते आणखी वाईट. मुठीएवढा डबा आणि वर लिहिलेलं सोळाशे वॉट! त्या मापाचा ट्रान्सफॉर्मर उचलताना कंबर धरेल. हा डबा वीज बदलत नाही, लाटेचा लचका तोडतो. इस्त्रीला चालेल. लॅपटॉपचा चार्जर त्यावर लावला तर मात्र चार्जर गेला, आणि गरज तर मुळात नव्हतीच."

मी म्हटलं, माझी भाची टोकियोहून ओसाकाला राहायला गेली, तर तिला लोकांनी सांगितलं मायक्रोवेव्ह नेऊ नको. हे काय? अण्णा खुलले. जपानात एकाच देशात दोन तऱ्हेची वीज. टोकियोने १८९५ साली जर्मनीच्या एईजीकडून यंत्रं घेतली, ती ५० हर्ट्झची. ओसाकाने पुढच्या वर्षी अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून घेतली, ती ६० ची. फुजी नदी ही साधारण सरहद्द. सव्वाशे वर्षं झाली, अजून एक झालेले नाहीत. "दोन भावांनी वेगवेगळ्या वाण्याकडे खातं काढलं," वहिनी म्हणाल्या आणि विषय निकालात निघाला.

आता मुद्देमाल. काल संध्याकाळी कोपऱ्यावरची सून माझ्याकडे आली होती, पिशवीत त्यांचा तो अडॅप्टर घेऊन. 'अण्णांना दाखवाल का? पण आईंना कळू देऊ नका.' आता कळू द्यायचं नाही म्हटल्यावर माझी उत्सुकता काय वाढली असेल! पांढरा ठोकळा, वर पृथ्वीचं चित्र, बाजूला सरकवायच्या खिट्ट्या. हवी ती खिट्टी ढकलायची, त्या देशाच्या पिना बाहेर येतात. अण्णांनी गोल पिना बाहेर काढल्या. एका पिनेच्या मुळाशी प्लॅस्टिक करपलेल्या पोळीच्या कडेसारखं तपकिरी झालेलं, एके ठिकाणी वितळून पुन्हा घट्ट झालेलं. पिन बोटाने हलवली तर दाताखाली खडा यावा तसा आतून आवाज. वर आपला तीन पिनांचा प्लग जिथे खुपसायचा तिथल्या पितळी पट्ट्या फाकलेल्या. आणि तळाला, जवळजवळ दिसणार नाही असं कोरलेलं: कमाल ६ ए.

"लॅपटॉपच्या चार्जरने हा डाग पडायचा नाही," अण्णा म्हणाले. "तो २३० वर अर्धा अँपिअरसुद्धा धड घेत नाही. आणखी काय लावत होते याला?"

मी आणि वहिनी एकमेकींकडे बघितलं. हॉटेलातला चहा म्हणजे कोमट पाण्यात बुडवलेली पिशवी, हे सासूबाईंचं मत गल्लीला ठाऊक आहे. त्यांनी चहा-साखर, आलं, गवती चहा आणि पाण्याला स्वतःची किटली असा सरंजाम नेला होता.

"दीड हजार वॉटची?"

"तीच. आमच्यासमोरच तर घेतली."

"दीड हजार भागिले दोनशे तीस. साडेसहा अँपिअर. सहाच्या अडॅप्टरवर. सकाळचा, दहाचा, दुपारचा, पाचचा."

"रात्रीचा काढाही असतो त्यांचा."

अण्णांनी मग पंचनामाच केला. सहलीत आधी पॅरिस, तिथे पट्ट्या तापल्या. तापलेल्या पितळाची स्प्रिंग मरते, मग पकड सुटते, पकड सुटली की जास्त तापतं, हे चक्र. पुढे स्वित्झर्लंड. तिथलं सॉकेट भिंतीत खोलगट, सहा कोनी खड्ड्यात, तीन भोकांचं. आपला ठोकळा त्यात पुरता बसत नाही, अर्धवट लटकतो, आणि वर चार्जरच्या डब्याचं वजन खाली ओढतं. रोमला पोचेपर्यंत तो नुसता टेकलेला होता. लागतो, सुटतो, पुन्हा लागतो. चार्जरमध्ये एक मोठा कपॅसिटर असतो, तो रिकामा झाला की भरताना विजेचा मोठा घोट घेतो. तो घोट आवरायला आत एक छोटा थर्मिस्टर असतो. गार असला तर अडवतो, गरम असला तर वाट सोडतो. एरवी दिवसातून दोनदा लावला-काढला तर काही होत नाही. पण सेकंदाला चार वेळा लाग-सूट झाली तर गरम थर्मिस्टर किती वेळा अडवणार? "कोर्टात टिकेल असं नाही म्हणत मी," अण्णा म्हणाले, "चार्जर आतून जुना झाला असेल, गादीत दडपून तापवला असेल, तेही कारण असतं. पण माझं बोट किटलीकडे."

"म्हणजे आईंच्या काढ्याने लेकाची मीटिंग बुडवली!" वहिनींच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते वर्णन करण्यासारखं नव्हतं, म्हणून करत नाही.

मला विचाराल तर दोष सगळा त्या माउलीचाही नाही. त्या ठोकळ्यावर पृथ्वीचं चित्र काढलंय ना! पिन भोकात बसली की माणसाला वाटतं काम झालं. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो. व्होल्टेज बदलत नाही, ताकद वाढवत नाही, आणि बहुतेक ठोकळे आपली तिसरी पिन, अर्थिंगची, आत घेतात आणि तिथेच गिळतात. पुढे जातात दोनच. युरोप म्हणजे एक खंड म्हणायचा, पण जर्मनीत अर्थ बाजूच्या पट्ट्यांवर, फ्रान्समध्ये सॉकेटमधूनच एक खिळा बाहेर आलेला, इटलीत तीन भोकं एका ओळीत आणि त्यातही दोन मापं. एवढ्या सगळ्यांचं अर्थिंग एक ठोकळा कुठून सांभाळणार? आणि बटन तर नाहीच. आपल्याकडे आधी बटन बंद, मग प्लग. युरोप-अमेरिकेत सॉकेटला बहुधा बटनच नसतं, जिवंत भोकात पिन घालायची. सून म्हणाली, पहिल्या रात्री तिघं जण पलंगामागे वाकून बटन शोधत होते.

अर्थिंग गेलं की काय होतं ते वहिनींना अनुभवाने माहीत आहे. त्यांच्या लेकीचा लॅपटॉप ॲल्युमिनियमच्या अंगाचा. दोन पिनेवर चार्जिंगला लावला आणि बोटाची मागची बाजू त्यावरून हलकेच फिरवली की पत्रा खरखरीत लागतो, मुंग्या आल्यासारखा. प्लग काढला की तोच पत्रा गुळगुळीत. मागच्या दिवाळीत अण्णांनी त्याला टेस्टर लावला आणि टेस्टरचा दिवा लागला! वहिनींनी लेकीला लॅपटॉपपासून ओढूनच काढलं. अण्णा मात्र शांत. चार्जरमध्ये खरखर दाबायला एक छोटा कपॅसिटर असतो, तो मेनच्या बाजूकडून चिमूटभर वीज लॅपटॉपच्या अंगावर सोडतो. अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते, नसेल तर आपल्या बोटातून. मिलिअँपिअरचा बारीकसा हिस्सा, त्याने जीव जात नाही. टेस्टर तेवढ्यावरही पेटतो. पण मुंगी वेगळी आणि झटका वेगळा. झटका बसला तर तो चार्जर कचऱ्यात.

आणि नेमका तसलाच कचरा कोपऱ्यावरच्यांनी विकत घेतला. चार्जर गेल्यावर चिरंजीव धावले स्टेशनाबाहेर, फुटपाथवरच्या माणसाकडून हुबेहूब दिसणारा घेऊन आले. वजनाला हलका, हातात घेतला की कळावं. लावला तर चार्जिंग होतंय, पण पडद्यावरचा बाण आपोआप नाचतोय. क्लिक करायला जावं एकीकडे, उघडतंय भलतंच. त्याच अवस्थेत त्याने साहेबाला मेल पाठवली म्हणतात. कुठली ते सून सांगेना.

"बाण नाचतो म्हणजे आतली खरखर दाबायचे भागच घातलेले नाहीत," अण्णा म्हणाले. "पैसे वाचवले. मेनची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांत पाच-सहा मिलिमीटरची मोकळी जागा लागते, तीही यात नसते." मग त्यांनी एक जुनी गोष्ट काढली. अमेरिकेतल्या यूएल या तपासणी संस्थेने २०१६ मध्ये आयफोनचे ४०० बनावट चार्जर तपासले. मूलभूत सुरक्षेच्या चाचणीत किती टिकले? तीन. आणि बारा तर असे, की माणूस दगावू शकेल. अस्सलवाले सगळे सज्जन, असंही नाही. २०१४ साली एचपीने लॅपटॉपच्या साठ लाखांच्या आसपास वायरी परत मागवल्या, त्या तापून वितळत होत्या. ॲपलने २०१६ मध्ये दोन पिनांचे आणि २०१९ मध्ये ब्रिटिश तीन पिनांचे अडॅप्टर परत मागवले. ते तुटून पिन उघडी पडायची. त्यातले काही तर खास प्रवासासाठी म्हणून विकलेल्या संचात होते. फरक एवढाच, की त्यांना परत मागवायला पत्ता होता. स्टेशनाबाहेरच्या माणसाचा पत्ता कुठला?

इथवर अण्णा मजेत होते. मग वहिनींनी नको ते काढलं. "भावोजी बघा ना, दुबईत एवढी वर्षं आहेत, त्यांना कधी अडॅप्टर लागत नाही. अर्थच्या भोकात पेनचं टोपण घालतात, खालची दोन भोकं उघडतात, आपला दोन पिनांचा प्लग थेट आत."

अण्णांचा चेहरा बघायला हवा होता. स्वतःचा मुलगा! "अरे, ती झडप कशाला ठेवलीय?" ते भिंतीवर हात आपटून म्हणाले. ब्रिटनचा चौकोनी तीन पिनांचा प्लग. दुबई, सिंगापूरलाही तोच. अर्थची पिन लांब, ती आधी आत जाते, आतली झडप उघडते, मगच बाकीच्या दोघींना वाट मिळते. लहान मुलाने खिळा घातला तर झडप बंद. १९४४ साली हे ठरवणाऱ्या समितीत एकच बाई होती, कॅरोलिन हॅस्लेट, स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअर. आणि प्लगच्या पोटात फ्यूज, बहुधा तीनचा किंवा तेराचा. का? तर युद्धानंतर तांबं महाग, म्हणून घरभर एकच वायर गोल फिरवलेली. तिची वीज बत्तीस अँपिअरच्या वर गेल्यावरच तुटणार. तुझ्या चार्जरची बारीक वायर त्याच्या कितीतरी आधी पेटेल, म्हणून राखणदार प्लगमध्येच बसवला. "हा शहाणा पेन घालून झडपही उघडतो आणि फ्यूजही टाळतो. वर गोल पिना त्या भोकात धड धरत नाहीत."

"पण मग आपल्याकडे का नाही तसले प्लग?" मी विचारलं. विषय भावोजींवरून हलवणं गरजेचं होतं.

"आपल्या गोल पिना साहेबाच्याच. तो १९४७ मध्ये इथून गेला आणि त्याच वर्षी स्वतःच्या देशासाठी चौकोनी पिनांचं नवं मानक काढलं. जुनं आपल्याकडे ठेवून गेला."

वहिनींना लंडन आठवलं. लेकीच्या नणंदेकडे उतरल्या होत्या. बाथरूममध्ये ड्रायर लावायला सॉकेट शोधशोध शोधलं, शेवटी एक सापडलं, त्यावर 'फक्त शेव्हरसाठी'. दिव्याला बटन नाही, छतातून दोरी लोंबतेय. त्यांना तो कंजूसपणा वाटला होता. ओल्या हाताला बटन लागू नये म्हणून दोरी, आणि ते सॉकेट आतल्या ट्रान्सफॉर्मरने मेनपासून तोडलेलं, हे अण्णांनी सांगितल्यावर "असेल बाई" म्हणाल्या. आपल्याकडे बाथरूममध्ये गीझरच्या शेजारी वॉशिंग मशीनचा प्लग असतो, यावर तिघंही गप्प बसलो.

पॉवर बँकेवरून विमानतळावरही कोपऱ्यावरच्यांची शोभा झाली म्हणे. सासूबाईंनी ती नीट घडी केलेल्या साडीत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवली, ती बॅग उघडायला लावली. ती हातातल्या सामानातच लागते. १०० वॉट-तासांपर्यंत विनापरवानगी. वीस हजार एमएएचची साधारण ७४ भरते, म्हणजे चालते. जानेवारी २०२५ मध्ये बुसानला उभ्या विमानात आग लागली तेव्हा संशय पॉवर बँकेवरच आला होता, तेव्हापासून कोरियात ती डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू देत नाहीत.

एवढ्यात कोपऱ्यावरची सूनच समोरून आली. दिवाळीत सिंगापूर ठरलंय, म्हणून अण्णांना विचारायला, कुठला अडॅप्टर घेऊ?

"अडॅप्टर घेऊच नकोस," अण्णा म्हणाले. "चार्जरच्या डब्यातून भिंतीकडे जाणारी वायर काढून बघ. टोकाला तीन पाकळ्यांचं भोक असेल. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जा, तीन पाकळ्यांची आणि ब्रिटिश प्लगची वायर माग. डबा तोच, वायर फक्त बदलायची. फ्यूज मिळतो, अर्थिंग शाबूत राहतं, लटकायला ठोकळा नाही. फ्यूज तीनचा किंवा पाचचा बघून घे. नवा लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होत असेल तर आणखी सोपं. युरोपात फोनला २०२४ च्या डिसेंबरपासून तेच सक्तीचं केलंय आणि लॅपटॉपला २०२६ च्या एप्रिलपासून. कुणाचाही मागून आणता येईल."

"आणि किटली?" सुनेने आवाज खाली आणून विचारलं.

"किटली घरी ठेवा असं सांगून ऐकतील का त्या?"

सुनेने मान हलवली.

"मग उद्या आणून दे. प्लग कापून तेरा अँपिअरचा चौकोनी लावून देतो. सिंगापूरला २३० च आहे, खुशाल उकळू दे काढा."

सून गेली. अण्णा पक्कड शोधायला आत गेले. वहिनींनी कढीपत्त्याची फांदी पुन्हा उचलली, आजूबाजूला पाहिलं आणि भिंतीवरून पुढे झुकल्या.

"दोन किटल्या येतील उद्या. बघ तू."

"दोन कशाला?"

"सिंगापूरला सुनेची आईसुद्धा चाललीय. तिकिटं काढून झाली. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही."

"काय सांगता!"